सासरेबुवांचं बिनवासाचं क्रीम

सासरेबुवांच्या टाचांनी आणखी एक चादर फाडली, तेव्हा सासूबाईंनी ती घडीही न घालता आणून सुनेच्या पुढ्यात टाकली.

"बघ. रात्रभर करवत चालते नुसती. मी आपली वेगळं पांघरूण घेऊन सुटले, पण चादरीनं कुठं जायचं?"

सुनेनं चादर उजेडात धरली. पायाकडच्या बाजूला चांगलं हात जाईल एवढं भोक होतं. सासरेबुवा खुर्चीत बसून पेपर वाचत होते. वाचत होते म्हणजे पेपरच्या आड लपले होते. "हल्ली कापडच वाईट येतं," एवढंच पेपरच्या आडून आलं.

कापड चांगलं होतं. वाईट होत्या त्या टाचा. इतक्या तडकलेल्या, की घरातल्या घरात ते पावलांच्या कडांवर चालत आणि कुणी पाहिलं की सरळ चालायचं नाटक करत. हातांची गत त्याहून वाईट. स्वेटर चढवताना बोटं लोकरीत अडकत आणि मग "थांबा, ओढू नका" असा घरभर आरडाओरडा होई. माणसाचा दोष नव्हता. उभं आयुष्य ओल्या मातीत हात घालून गेलं होतं आणि माती कातडीतलं सगळं तेल पिऊन बसली होती. सासरेबुवा कुंभारकाम करत. घरामागच्या शेडमध्ये त्यांचं चाक होतं, त्यांची भट्टी होती, आणि त्यांचे वाडगे, सुरया, बरण्या लांबलांबच्या दुकानांत जात.

आता त्या चाकावर सून बसत असे. लग्न होऊन आली तेव्हा तिला माती कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं. सासरेबुवांनीच तिला गोळा चाकाच्या मधोमध कसा बसवायचा, भिंत वर कशी ओढायची, ते दाखवलं. आणि मग एक दिवस ते चाकावरून उठले, हात पुसले आणि "बास झालं" म्हणून घरात गेले ते गेलेच. त्यानंतर त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. का, ते कुणाला विचारायची सोय नव्हती. तोंडात मिठाची गुळणी धरण्यात त्यांचा हात धरणारा त्या घरात दुसरा कुणी नव्हता.

सून मात्र प्रत्येक नवं भांडं नेऊन त्यांच्यासमोर ठेवायची. ते लांबूनच मान तिरकी करून बघत आणि म्हणत, "हं."

या "हं"चा अर्थ लावण्यात तिची काही वर्षं गेली होती. कधी तो तिला बरा वाटे, कधी दोन रात्री झोप उडवी. तिचा नवरा वीज कंपनीत मीटर वाचायला जाई आणि भांडं हे चहा पिण्यापुरतं असतं अशा मताचा होता. तो म्हणे, "अगं, हं म्हणजे हं. मी शाळेत पहिला आलो तेव्हाही बाबा हंच म्हणाले होते."

"तू कधी पहिला आलास?"

"उदाहरण म्हणून सांगतोय."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण थंडी सुरू झाली तशी एका सकाळी पावाला लोणी लावता लावता सासरेबुवांनी जाहीर केलं, की हिवाळा सरला की भट्टी विकून टाकू. शेड त्या कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्याला गोदामासाठी हवीच आहे. माझं काम इतकं वाईट आहे का, हे विचारायला सुनेची जीभ रेटली नाही. उत्तर "हं" आलं असतं तर तिला तिथंच रडू फुटलं असतं. तिच्या हातात तेव्हा एकच मोठं काम होतं: गावातल्या एका हॉटेलच्या मालकिणीनं नव्या जेवणघरासाठी सूपचे वाडगे सांगितले होते. ते असे करायचे की म्हाताऱ्याचं मन पालटलंच पाहिजे, असं तिनं मनाशी ठरवलं आणि झपाटल्यासारखी कामाला लागली.

आणि त्यात हे टाचांचं प्रकरण तिच्या गळ्यात आलं.

औषधांच्या दुकानातल्या बाई मोठ्या हौशी होत्या. कोरडे हातपाय म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर सण असल्यासारखा आनंद पसरला. पहिल्या खेपेला त्यांनी गुलाबाच्या वासाचं क्रीम दिलं. सासरेबुवांनी टोपण उघडलं, नाक लावलं आणि ट्यूब सुनेला परत केली. "मला कुणी बघायला येणार आहे का?"

दुसऱ्या खेपेला तेलकट, चिकट जेली आली. ती रात्री पायांना थापून मोजे घालायचे. सासरेबुवांनी मोठ्या मिनतवारीनं थापून घेतली, मोज्यांची गरज नाही असं परस्पर ठरवलं आणि न्हाणीघराच्या फरशीवर पाऊल टाकलं. पुढचा प्रवास त्यांनी न चालताच केला. सुदैवानं भिंतीला टेकून थांबले, पण जेलीला त्या दिवसापासून घरात बंदी झाली.

तिसऱ्या खेपेला बाईंनी खास टाचांसाठीचं क्रीम काढलं. नवऱ्यानं डबीवरचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचलं. त्यात युरिया होता.

"युरिया?" सासरेबुवांनी चष्मा काढला. "सूनबाई, माझ्यावर काय पेरायचं ठरवलंय?"

"बाबा, कातडी मऊ करायला घालतात तो."

"आणि उगवलं काही तर?"

सासूबाई पदराआड हसत सुटल्या आणि क्रीम न्हाणीघराच्या खिडकीत आधीच्या दोघांच्या शेजारी जाऊन बसलं. चौथं तर गायीच्या सडांना लावायचं निघालं. ते फार गुणाचं असतं, गवळी स्वतःच्या हातांनाही लावतात, असं बाईंनी परोपरीनं सांगितलं होतं. सासरेबुवा एवढंच म्हणाले, "मग गायीलाच द्या. ती नाही म्हणणार नाही."

सुनेनं दुकानात जाऊन हात टेकले. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"सासरे ऐकतात का कुणाचं?"

"छे."

"मग त्यांना देऊ नका. हे घ्या. दाट आहे, लगेच जिरतं, वास अजिबात नाही. खिडकीत ठेवा आणि विसरून जा. वास येत नाही म्हणजे चोरी पकडली जात नाही. माझ्या घरीही असाच एक नग आहे."

सुनेनं ती पांढरी डबी खिडकीत ठेवली आणि वाडग्यांच्या नादात खरंच विसरून गेली. काही दिवसांनी सासूबाईंनी तिला न्हाणीघरात ओढून नेलं. डबी उघडली. आत चांगला खड्डा पडला होता.

"तू लावतेस?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं.

"नाही. मला दिवसभर मातीत काय उपयोग? मी तर कामाआधी हातही साबणानं धुऊन जाते. तुम्ही?"

"मीही नाही. आणि एक सांगू? चादर शाबूत आहे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या दिवसापासून सासरेबुवा दुपारच्या जेवणानंतर मोजे घालून का हिंडतात, हे घरात सगळ्यांना कळलं आणि कुणीच काही बोललं नाही. डबी संपत आली की सून गुपचूप नवी आणून जुन्या जागी ठेवी. त्यांनीही डबी आपोआप कशी भरते याची कधी चौकशी केली नाही. दोन्ही बाजूंनी अब्रू राखली गेली. म्हातारा आता सरळ चालत होता. स्वेटर एका दमात चढत होता. सासूबाईंची तर मजल अशी गेली, की त्यांनी वेगळं पांघरूण परत कपाटात टाकलं.

सगळं असं सुरळीत चाललं असताना भट्टीतून पहिले वाडगे निघाले, आणि सुनेनं कपाळाला हात लावला.

वाडगा दोनदा भाजतात. ओला घडवून वाळला की पहिल्यांदा भाजतात, म्हणजे तो कडक होतो पण तहानलेला राहतो. मग त्याला झिलईच्या बादलीत बुडवायचं. तहानलेली माती ती झिलई पिऊन घेते, आणि दुसऱ्या भाजणीत तिची काचेसारखी चकचकीत साय होते. सुनेची झिलई गडद निळी होती. पण भट्टीतून निघालेल्या वाडग्यांपैकी बऱ्याच जणांच्या निळ्या अंगावर मधेच टक्कल पडलं होतं. तिथं झिलई मागं सरकून नुसती तपकिरी माती उघडी पडली होती. असलं भांडं हॉटेलात कोण घेईल?

तिनं झिलई ओतून दिली आणि नवी कालवली. चाळण बदलली, पाणी बदललं, बादली घासली. भट्टीचा ताव हळूहळू वाढवला. नवरा सांगून थकला की ओलसर हवेनं होत असेल, आणि तिनं त्याला मीटर वाचायला पाठवून दिलं. दुसरी भट्टी उघडली. पुन्हा तेच. काही वाडगे देखणे, काही टकले.

त्या दिवशी तिनं एक टकला वाडगा नेऊन सासरेबुवांपुढं ठेवला. लपवून काय होणार होतं? ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. या खेपेला "हं"सुद्धा निघाला नाही.

"भट्टी थकली," ते शेवटी म्हणाले. आवाज पडलेला होता. "आत ताव सारखा राहत नसणार. तुझा दोष नाही. फर्निचरवाल्याला उद्या दुपारी बोलावतो. आता हिवाळा सरायची वाट कशाला बघायची?"

सून स्वयंपाकघरात येऊन बसली. सासूबाईंनी तिच्यापुढं चहा ठेवला. त्याच कपाशेजारी तो दळभद्री वाडगा होता. आता रडायचं की हा आपटायचा, असा विचार करत ती तो नुसताच फिरवत बसली, आणि फिरवता फिरवता थांबली.

टकलाचा डाग गोल नव्हता. तो पट्टा होता. काठापासून सुरू होऊन बाहेरच्या अंगानं दोन बोटं रुंद असा खाली बुडापर्यंत उतरत गेलेला. तिनं आत पाहिलं. आतही बरोबर त्याच्यासमोर एक पट्टा, अंगठ्याएवढा. तिनं अंगठा आत घातला, दोन बोटं बाहेर टेकवली आणि हात काठावरून खाली सरकवला. तंतोतंत.

भांडं नुसतं उचलणारा असं धरत नाही. चोरणाराही नाही आणि पुसणाराही नाही. भिंत कुठं जाड आहे, कुठं पातळ, हे चाचपत उतरणाराच असं धरतो. हे तिला चाकावर बसवून ज्यानं शिकवलं होतं, तो माणूस आत्ता बाहेरच्या खोलीत मोजे घालून बसला होता.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबा दुपारी जेवून कुठं जातात?"

"मागं उन्हात बसतात की. पाय शेकतात." सासूबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनाही संशय आला. "का गं?"

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर सून शेडमध्ये गेली आणि मातीच्या पोत्यांमागं बसली. समोरच्या फळीवर पहिल्यांदा भाजलेले, अजून झिलई न चढवलेले वाडगे रांगेनं ठेवले होते. थोड्या वेळानं दार किलकिलं झालं. सासरेबुवा मोज्यांतल्या पावलांनी आत आले. हात एकमेकांवर चोळत होते, म्हणजे डबी उघडून नुकतेच निघाले होते. त्यांनी मागं वळून बघितलं, फळीवरचा एक वाडगा उचलला, आणि डोळे मिटले.

अंगठा आत, दोन बोटं बाहेर. हात काठावरून हळूहळू खाली उतरला. मध्ये एका जागी थांबला, परत वर गेला, परत उतरला. मग त्यांनी तो ठेवला आणि दुसरा घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते तिनं इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. ते हसत होते. एकटेच, डोळे मिटून.

तिला त्यांच्याकडे बघत तशीच दुपार काढायला आवडलं असतं. पण तिसरा वाडगा त्यांच्या हातात गेला आणि तिच्यातली कुंभारीण जागी झाली.

"बाबा, तो खाली ठेवा!"

सासरेबुवा एवढे दचकले, की वाडगा पडता पडता वाचला. मुद्देमालासकट पकडलेल्या पोरासारखे ते त्याला छातीशी धरून उभे राहिले.

"मी आपला सहज... ऊन गेलं होतं बाहेर."

"ऊन चांगलं रखरखीत आहे. हात दाखवा."

त्यांनी हात पुढं केले. तिनं ते आपल्या हातात घेतले. मऊ होते. तिचे स्वतःचे त्याहून खरखरीत होते.

"तू आणलेलं ते चांगलं आहे," त्यांनी कबूल केलं. "वास नाही."

"पण इथं कशाला येता? इतकी वर्षं आला नाहीत."

सासरेबुवा पोत्यावर बसले. मग म्हणाले, "येऊन काय करू? या बोटांना काही कळतच नव्हतं, पोरी. चाक सोडलं ते त्यासाठी. भिंत जाड आहे का पातळ, कळेना. ओली माती आणि सुकी माती, सगळं एकच लाकूड. कुणाला सांगणार? कुंभाराला हाताचं कळत नाही म्हटलं तर हसतील लोक. तू भांडं आणून समोर ठेवायचीस. डोळ्यांना काय, रंग दिसतो, घाट दिसतो. भांडं हातात कळतं. मला कळतच नव्हतं, तर चांगलं म्हणू का वाईट?"

"म्हणून हं?"

"मग आणखी काय म्हणणार?"

सुनेचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला हसूही यायला लागलं. त्या "हं"साठी तिनं केवढी जागरणं केली होती!

"मग एक दिवस जेवून उठलो, पाण्याचा पेला उचलला," ते सांगत होते, "आणि मला काठ कळला. नुसता काठ, बाकी काही नाही. त्याच पावली इथं आलो. तेव्हापासून रोज येतो. तुझी भिंत..." ते अडले. कौतुक करायची सवय नसल्यानं त्यांना शब्द सापडेना. "तुझी भिंत सरळ उतरते. माझ्यापेक्षा सरळ. आणि आता बघ नशीब. मला कळायला लागलं तेव्हाच नेमकी भट्टी थकली."

"भट्टी नाही थकली, बाबा."

तिनं कोपऱ्यातला टकला वाडगा आणून त्यांच्या हातात दिला. "डोळे उघडे ठेवून धरा. रोज धरता तसा."

त्यांनी धरला. बोटं पट्ट्यावर बसली. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग बोटांकडे, मग परत पट्ट्याकडे.

"झिलई तेलावर धरत नाही," ती म्हणाली. "तुम्ही क्रीम लावून हात फिरवता, तिथं माती झिलई पीत नाही."

"म्हणजे भट्टी नाही," सासरेबुवा सावकाश म्हणाले. "मी?"

"तुम्ही."

"सगळे?"

"जे जे तुम्हाला आवडले ते."

सासरेबुवांचा चेहरा पार उतरला. आयुष्यात त्यांच्या बोटाला कधी तेलाचा थेंब लागला नव्हता, त्यामुळं एवढी साधी गोष्ट त्या पट्टीच्या कुंभाराच्या डोक्यात आलीच नव्हती. पुढच्या क्षणी ते जे हसत सुटले, ते पोत्यावरून कलंडेपर्यंत. सुनेनंही त्यांना साथ दिली. घरातून सासूबाईंचा आवाज आला, "काय झालं गं? काही फुटलं का?"

हसू ओसरल्यावर त्यांनी हात मोज्यांना खसाखसा पुसले. "डबी टाकून दे. हे फळीवरचेही गेले ना, मी हात लावलेले?"

"नाही गेले. कोरडेच परत एकदा भाजले की तेल जळून जातं. आणि डबी कशाला टाकू? इतक्या मुश्किलीनं एक लागू पडलंय तुम्हाला."

"मग हात लावायचा नाही?" त्यांचा स्वर असा होता, की तिला ते ऐकवेना. "लांबून बघत बसू पुन्हा?"

सून चाकावर जाऊन बसली, मातीचा गोळा मधोमध थापला, हात ओले केले आणि वाडगा वर ओढला. मग तो तारेनं तळातून कापला, फळकुटावर घेतला आणि तसाच ओला, थरथरता त्यांच्यापुढं नेला.

"ओल्याला काही होत नाही," ती म्हणाली. "तेल लागलं तरी पहिल्या भाजणीत जळून जाईल. हवा तेवढा हात लावा."

सासरेबुवांनी डोळे मिटले. अंगठा आत गेला, दोन बोटं बाहेर. या खेपेला तर मातीही त्यांच्या बोटांखाली किंचित हलली. ते श्वास रोखून खाली उतरत होते आणि सून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"अहो!" दारातून सासूबाईंनी हाक मारली. "तो फर्निचरवाला आलाय. जागेची मापं घ्यायला टेप घेऊन आलाय."

सासरेबुवांनी डोळे उघडले नाहीत.

"त्याला म्हणावं, जागा रिकामी नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. इथं काम चाललंय." त्यांची बोटं आता तळाशी पोचली होती. तिथं ती थांबली, जरा पुढं सरकली, परत मागं आली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "सूनबाई."

"काय बाबा?"

"बूड जड झालंय. केवढी माती ठेवलीस खाली! उद्याच्या वाडग्याला कमी ठेव."

"बरं," ती म्हणाली. उद्याचा वाडगा आहे म्हणजे भट्टी आहे, हे कळायला तिला क्षणभर लागलं. ती चाकाशी परत गेली आणि दुसरा गोळा घेण्याआधी मातीचा ओला हात तोंडावर दाबून, पाठमोरी उभी राहून मनसोक्त रडली. तिच्या पाठीमागं सासरेबुवा तळावर बोट दाबत, सासूबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, तिची दुसरी चूक सांगायला लागले होते.